वाटसरूंची अहिल्याबाई

बीड जिल्ह्याच्या अंगावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे बालाघाटाची डोंगररांग गेली आहे. या रांगेच्या उत्तरेस गोदावरीच्या काठची काळीभोर, सपाट गंगथडी पसरलेली आहे. तर वरच्या अंगास पाटोदा, केज, अंबाजोगाई या बाजूंना खडकाळ माळ आणि उंचसखल पठार आहे. गंगथडीतून वर यावयाचे म्हणजे घाट चढावा लागतो. आज तेथे मोटारी जातात. परंतु दोन-अडीचशे वर्षांपूर्वी अशा डोंगरी मुलखात वाट म्हणजे बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी पडलेली एक रेघ असे. गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन त्या वाटेने चालत. यात्रेकरू काठी टेकीत चढत. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, की कुठे दरड कोसळे, कुठे ओढा वाट खाऊन टाकी, आणि वरच्या गावाचा खालच्या बाजाराशी असलेला संबंध तुटे. वाट बंद झाली म्हणजे मीठ महाग होई, आजाऱ्याला वैद्य मिळत नसे, आणि माहेरी निघालेली लेक अर्ध्या वाटेवरून परत फिरे.

या डोंगररांगेच्या पूर्व अंगास परळी हे गाव आहे. तेथील वैजनाथाचे मंदिर टेकडीच्या उतारावर उभे असून, रुंद दगडी पायऱ्यांनी तेथवर जाता येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक ज्याला मानतात, त्या या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. अहिल्याबाईंचे नाव निघाले, की लोकांच्या डोळ्यांपुढे मंदिरे आणि नदीचे घाट उभे राहतात. आणि ते योग्यच आहे. परंतु देवाच्या दारापर्यंत जाणारी वाट चालण्याजोगी असावी, त्या वाटेवर पाणी मिळावे, तेथे वाटमारी होऊ नये, याचीही चिंता त्यांनी वाहिली. त्यांच्या कर्तृत्वाचे हे अंग तितकेच थोर असून त्या मानाने कमी परिचित आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव सीना नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, बीड जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच आहे. जुन्या लेखनात तर ते बीड भागातीलच म्हणून सांगितलेले आढळते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घर सुखवस्तू असले, तरी मुलूख अवर्षणाचा. पाण्याचा एक घडा मिळविण्यासाठी किती पावले चालावे लागते, हे त्या भागातील मुलीस कोणी शिकवावे लागत नाही. उन्हात तापलेल्या वाटेचे आणि आटलेल्या विहिरीचे दुःख या मुलीने बालपणीच पाहिले असले पाहिजे.

मराठ्यांचे नामांकित सरदार मल्हारराव होळकर यांनी या मुलीचे तेज हेरले आणि आपला मुलगा खंडेराव यासाठी तिला सून म्हणून पत्करले. १७३३ साली हा विवाह झाला. सासरी आल्यावर अहिल्याबाई लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकल्या. मल्हाररावांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर जात असे. आज माळवा, उद्या अंतर्वेद, परवा पुणे अशी त्यांची धावपळ चाले. मागे राहून वसूल पाहणे, दाणावैरण पुरविणे, दारूगोळा तयार करवून घेणे ही कामे ते हळूहळू सुनेवर सोपवू लागले.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. त्या काळच्या रूढीप्रमाणे अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. पण म्हाताऱ्या सासऱ्यांनी त्यांना परोपरीने विनवून थांबविले. मुलगा गेला, आता हीच आपला मुलगा, असे मानून मल्हाररावांनी त्यांना राज्यकारभारात अधिकच गुंतविले. १७६५ साली त्यांनी अहिल्याबाईंना तोफखाना घेऊन चंबळेपलीकडे ग्वाल्हेरकडे जाण्याची आज्ञा पत्राने केली. कूच करताना वाटेच्या रक्षणासाठी ठिकठिकाणी चौक्या बसवाव्यात, अशी सूचनाही त्या पत्रात होती. जड तोफा ओढणाऱ्या बैलांना खराब वाट कशी छळते आणि चौकीपहारा नसलेली वाट किती धोक्याची असते, याचा धडा अहिल्याबाईंना पोथीतून नव्हे, तर प्रत्यक्ष मोहिमेत मिळाला.

पुढच्याच वर्षी, १७६६ साली, मल्हारराव निवर्तले. नातू मालेराव गादीवर बसले. पण एक वर्षाच्या आतच तेही वारले. पती, सासरे आणि पुत्र असे तिन्ही आधार तुटलेल्या या स्त्रीच्या हातून दौलत काढून घेण्याचा बेत काही मुत्सद्द्यांनी केला आणि राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे निघाले. अहिल्याबाईंनी फौज सज्ज केली, शेजारच्या सरदारांस पत्रे धाडली आणि माधवराव पेशव्यांपुढे आपला हक्क मांडला. पेशव्यांनी तो मान्य केला. राघोबादादांना माघार घ्यावी लागली. १७६७ सालापासून दौलतीचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि नर्मदेच्या काठी महेश्वर येथे आपले ठाणे केले.

होळकरांच्या मुलखाची रचना ध्यानात घेतल्यावाचून अहिल्याबाईंच्या पुढील कामाचे मोल कळणार नाही. इंदूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश म्हणजे माळव्याचे उंच पठार. महेश्वर मात्र खाली, नर्मदेच्या खोऱ्यात, निमाड प्रांतात. या दोहोंच्या मध्ये विंध्याद्री आडवा पडलेला आहे. माळव्याच्या बाजूने पाहिले, तर हा पर्वत फारसा जाणवत नाही. परंतु त्याची दक्षिणेकडची बाजू एकाएकी तुटलेल्या कड्यासारखी खाली उतरते. पठारावरचा गहू आणि अफू खाली यावयाची, तर हा कडा उतरावा लागे. महेश्वरच्या विणकरांनी विणलेली वस्त्रे वर जावयाची, तर तोच चढावा लागे. राज्याचे दोन भाग एकाच अमलाखाली होते. पण पर्वताने त्यांना दूर ठेवले होते.

त्यात आणखी एक संकट होते. या डोंगरांत भिल्लांची वस्ती होती. जंगल आणि घाटवाटा पूर्वापार आपल्या आहेत, अशी त्यांची भावना होती. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर थोडे घेणे हा त्यांच्या नाईकांचा जुना हक्क. राज्ये बदलली, फौजा आल्या आणि गेल्या. त्या धामधुमीत या हक्काची कोणी दाद घेतली नाही. शेतीस पुरेशी जमीन नाही आणि हक्कही उरला नाही, अशा स्थितीत त्यांच्यातील अनेक टोळ्या वाटमारी करू लागल्या. व्यापारी जमाव केल्यावाचून घाटात पाऊल घालीत नसत. एकट्यादुकट्या वाटसरूस जीव मुठीत धरून जावे लागे.

अहिल्याबाईंनी प्रथम सामोपचाराने हे थांबविण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा त्यांनी कठोर उपाय योजले. काही हट्टी पुंडांना पकडून देहान्त शासनही दिले. दयाळू म्हणून ज्यांची कीर्ती आहे, त्यांना हा निर्णय सोपा गेला नसेल. परंतु केवळ शिक्षेने रस्ता निर्भय होत नाही, हेही त्यांनी ओळखले. एक टोळी मोडली, तर पोटाची आग दुसरी टोळी उभी करते. म्हणून त्यांनी भिल्लांच्या नाईकांशी बोलणे लावले आणि त्यांचा जुना हक्क मान्य केला. घाटातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याची त्यांना मुभा दिली. या कराला भिलकवडी असे नाव होते. त्याच्या मोबदल्यात नाईकांनी आपापल्या हद्दीतील वाट राखावी, वाटसरूचा माल चोरीस गेला तर तो शोधून द्यावा आणि पडीक जमीन लागवडीस आणावी, असे ठरले.

या योजनेतील शहाणपण विचार करण्याजोगे आहे. पूर्वी वाट चालती राहिली काय आणि ओस पडली काय, डोंगरातल्या माणसास त्याचे सुखदुःख नव्हते. उलट हाती लागेल त्या वाटसरूस लुटणे हाच त्याचा लाभ होता. आता वाटेवरून जितके अधिक तांडे सुखरूप जातील, तितकी अधिक कवडी त्याच्या पदरी पडणार होती. लुटारूचा राखणदार झाला, तो नुसत्या धाकाने नव्हे, तर त्याचा न्याय्य वाटा त्यास मिळाला म्हणून. अहिल्याबाईंनी आपली कन्या मुक्ताबाई हिचा विवाह यशवंतराव फणसे या तरुणाशी लावून दिला. लुटारूंचा बंदोबस्त करून दाखविणाऱ्या वीरास आपली कन्या देण्याचे त्यांनी भर दरबारात जाहीर केले होते आणि यशवंतरावांनी ते काम पार पाडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत खरे किती आणि भर किती हे बाजूस ठेवले, तरी वाटेची निर्भयता हा त्या राज्यात किती जिव्हाळ्याचा विषय मानला जाई, हे तिच्यावरून दिसते.

वाट निर्भय झाली, तरी ती चालण्यासारखी व्हावयाची होती. विंध्याद्रीच्या ज्या ठिकाणी कडा जवळजवळ उभा तुटलेला आहे, तेथे जाम नावाचे स्थळ आहे. या ठिकाणी अहिल्याबाईंनी फार मोठे कष्ट आणि द्रव्य वेचून घाटरस्ता करविला. घाटाच्या माथ्यावर १७९१ साली एक भव्य दगडी दरवाजा उभा राहिला. आजच्या मध्य प्रदेशात महू आणि मंडलेश्वर यांच्या दरम्यान तो अजून उभा आहे. त्याच्या कमानीतून खाली पाहिले, की निमाडचा सारा प्रदेश नजरेत येतो. दरवाजा नुसता शोभेचा नव्हता. चढून दमलेल्या माणसास तेथे सावली मिळे आणि घाटातून ये-जा करणाऱ्यांवर पहारेकऱ्यांची दृष्टी राही.

डोंगरात रस्ता करणे हे सपाटीवर रस्ता करण्यासारखे नसते. सरळ चढ धरला, तर ओझ्याचा बैल छाती फुटून बसतो. म्हणून वाट वळणावळणांनी न्यावी लागते. एका अंगाने डोंगर कापावा लागतो, तर दुसऱ्या अंगाने दगडी बांध घालून भराव तोलून धरावा लागतो. पण घाटाच्या वाटेचा खरा वैरी चढ नव्हे, पाणी होय. वरून येणाऱ्या पाण्यास वेळीच बाजूस काढून दिले नाही, तर ते वाटेलाच ओढा समजून तिच्यातून वाहू लागते आणि दोनचार पावसाळ्यांत सारे काम धुऊन नेते. म्हणून डोंगरी रस्ता एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर पडलेला बांध पुन्हा रचावा लागतो, बुजलेली गटारे उपसावी लागतात, उखडलेली फरसबंदी बसवावी लागते. जो राजा रस्ता बांधतो, त्याचे नाव होते. जो तो दरसाल दुरुस्त ठेवतो, त्याला रयत दुवा देते.

अहिल्याबाईंच्या कामात ही दुसरी दृष्टी सतत दिसते. त्यांनी आपल्या मुलखात आणि मुलखाबाहेर विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांची सोय केली. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंस पाणी देण्यासाठी त्या माणसे नेमीत. नांगराचे बैल तहानलेले दिसले, तर त्यांना थांबवून पाणी पाजावे, अशीही व्यवस्था त्यांनी केली होती. थंडीच्या आरंभी गोरगरिबांस आणि दुबळ्यांस कपडे वाटले जात. या गोष्टी दिसावयास लहान आहेत. परंतु पाणपोईवर रोज कोणी तरी घागर भरावी लागते. धर्मशाळेत रोज झाडलोट करावी लागते. एकदा दान देऊन मोकळे होण्यापेक्षा अशी रोजची व्यवस्था वर्षानुवर्षे चालू ठेवणे कठीण असते. अहिल्याबाईंनी ती चालविली. कारण त्या स्वतः दररोज दरबारात बसून कामे पाहत आणि हिशेब काटेकोरपणे तपाशीत.

एवढ्या कामांस पैसा कोठून येई? होळकरांच्या घराण्यात दौलत आणि खासगी असे दोन भाग होते. दौलतीचा पैसा फौज आणि कारभार यांसाठी. खासगीचे उत्पन्न घराण्यातील स्त्रियांच्या हक्काचे. अहिल्याबाईंनी आपले खासगीचे द्रव्य धर्मकार्यास आणि लोकांच्या सोयीस लावले. ज्या संपत्तीवर त्यांना स्वतःसाठी महाल उठविता आले असते, ती त्यांनी वाटसरूच्या घागरीत आणि पायरीच्या दगडात घातली. महेश्वरातील त्यांचा वाडा पाहणाऱ्यास त्याचा साधेपणा आजही जाणवतो.

त्यांची दृष्टी आपल्या राज्याच्या सीमेपाशी थांबली नाही. काशीस विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले. सोमनाथ, गया, वेरूळ या ठिकाणीही त्यांनी मंदिरे बांधविली. हिमालयाच्या कुशीतील केदारनाथासारख्या दुर्गम स्थळी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाली. दक्षिणेतील देवस्थानांस अभिषेकासाठी गंगेचे पाणी नियमाने पोहोचविण्याची त्यांनी व्यवस्था लावली होती. गंगेची कावड खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालणाऱ्या त्या माणसांना किती नद्या आणि किती घाट ओलांडावे लागत असतील! एका कावडीमागे वाट, उतार, विसाव्याची जागा आणि शिधा यांची केवढी साखळी उभी करावी लागते, हे सहज ध्यानात येईल.

परळीचे कामही याच मालिकेतले. परळीचा मुलूख होळकरांच्या दौलतीत नव्हता. मराठवाड्याचा बराचसा भाग त्या काळी निजामाच्या अमलाखाली होता. तेथे रस्ता सुधारला किंवा मंदिर उभे राहिले, म्हणून महेश्वरच्या खजिन्यात एक कवडीही येणार नव्हती. तरी बालाघाटातील या देवस्थानाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला. यात्रेचा माणूस कोणाच्या राज्यातला, हा प्रश्न त्यांनी केला नाही. टेकडीच्या पायथ्याशी आलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय सर्व राज्यांत सारखेच दुखतात. रुंद, बेताच्या उंचीच्या पायऱ्या त्याला हात देऊन वर नेतात. महाशिवरात्रीस आणि श्रावणातल्या सोमवारी त्या पायऱ्यांवर माणसांची रीघ लागते.

दुसऱ्यांच्या वाटा सोप्या करणाऱ्या अहिल्याबाईंची स्वतःची वाट मात्र फार खडतर होती. पती, सासरे आणि पुत्र यांचे मरण त्यांनी पाहिलेच होते. उतारवयात त्यांचा नातू, मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा, तरुणपणीच गेला. जामघाटाचा दरवाजा उभा राहिला, त्याच १७९१ साली जावई यशवंतराव वारले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाल्या. अहिल्याबाईंनी मुलीपुढे पदर पसरला. पण एके काळी सासऱ्यांच्या विनवणीने जे घडले, ते आईच्या विनवणीने घडले नाही. नर्मदेच्या तीरावर आपल्या अखेरच्या अपत्याची चिता त्यांना डोळ्यांनी पाहावी लागली. एवढा आघात सोसूनही काही दिवसांनी त्या पुन्हा कामास बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

पुढे तेवीस वर्षांनी माळव्यात इंग्रजांचा अंमल बसला. जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी तेथे कारभारास आला. त्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांस गाठून त्यांच्याविषयी बारकाईने चौकशी केली. जितकी अधिक चौकशी करावी, तितका त्याचा आदर वाढतच गेला. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्याने अहिल्याबाईंच्या कारभाराची मोकळ्या मनाने थोरवी गायिली आहे. जामचा घाट आणि भिल्लांशी केलेला करार यांचीही नोंद त्याने घेतली. जिंकणाऱ्या पक्षातील परक्या माणसाने द्यावी, अशी ही साक्ष मोलाची आहे.

मोठी राज्ये लढायांनी मिळतात. पण ती लोकांच्या मनात टिकतात, ती त्यांच्या रोजच्या सुखदुःखाची काळजी घेतल्याने. वाट ही अशीच रोजची गोष्ट आहे. ती चांगली असते, तेव्हा कोणी तिचे नाव काढीत नाही. ती तुटते, तेव्हा साऱ्या गावाचे जीवन अडते. शाळेस निघालेले मूल, बाजारास निघालेला शेतकरी, दवाखान्यास निघालेला आजारी मनुष्य हे सर्व तिच्यावर विसंबून असतात. बालाघाटातील वाडीवस्तीस हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाळा ते दरसाल शिकवितो. वाट बांधणाऱ्याचे काम कडा फोडून संपत नाही. ती राखण्यासाठी वाटेकाठच्या माणसाला तिच्यात भागीदार करून घ्यावे लागते आणि निखळलेला दगड त्याच वर्षी पुन्हा बसवावा लागतो. हे जाणणारी राज्यकर्ती चौंडीच्या पाटलाच्या घरी जन्मास आली, याचा बालाघाटाच्या परिसराने अभिमान बाळगावा. आपल्या गावच्या वाटेवर निखळलेला एखादा दगड नीट बसविणे, हे त्या पुण्यश्लोक स्त्रीचे खरे स्मरण होय.